तलावातल्या जेट्टीचे खांब: निवडायचे कसे, रोवायचे कसे

जेट्टी बांधायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो: खांब लाकडाचे घ्यायचे की लोखंडाचे? प्रश्न बरोबरच आहे, फक्त त्याची पाळी जरा उशिरा यायला हवी. त्याआधी पाणी किती चढतं-उतरतं, तळाशी काय आहे आणि खांबांना कोण ढकलणार आहे, याची उत्तरं हातात हवीत. ती मिळाली की मालाचा निर्णय बऱ्याचदा आपसूक होतो.

सुरुवातीलाच वजनाबद्दलचा गैरसमज दूर करू. समजा जेट्टी १.८ मीटर रुंद आहे आणि खांबांच्या जोड्या ३ मीटर अंतरावर आहेत. एका जोडीच्या वाट्याला ५.४ चौरस मीटर येतात. माणसं, खुर्च्या, सामान यांचे चौरस मीटरला २०० किलो धरा, फळ्या-तुळयांचे स्वतःचे ५० किलो धरा. जोडीवर १,३५० किलो, एका खांबावर पावणेसातशेच्या आसपास. २०० मिलिमीटर जाडीच्या लाकडी खांबाच्या दृष्टीने हे वजन किरकोळ आहे. तळ अगदीच लिबलिबीत नसेल तर घरगुती जेट्टी वजनाने खचत नाही. ती बाजूने रेटली जाऊन कलंडते, वर उपटली जाते, किंवा पाण्याच्या रेषेवर खांब कुजून बसते. खांबाची जाडी, लांबी, माल, रोवण्याची पद्धत हे सगळे निर्णय या तीन शत्रूंकडे बघून घ्यायचे.

खांबाला कोण ढकलतं

आडव्या जोराचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे. सहा मीटरच्या बोटीची वाऱ्याला आडवी येणारी बाजू साधारण सहा चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरचा वारा त्या बाजूवर दीडशे किलोच्या आसपास रेटा देतो, आणि बोट बांधलेली असल्याने तो सगळा खांबांवर येतो. दुसरी गोष्ट बोट लावतानाच्या धडकेची. दोन टनांची बोट सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने टेकली तर खांबाला ९० ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, म्हणजे ३६०. त्यामुळे नवशिके जिथे बोट लावणार त्या टोकाचे खांब जाड हवेत आणि त्यांना धक्का शोषणारे रबरी फेंडर हवेतच.

हिवाळ्यात तलाव गोठत असेल तर बाकीचे सगळे हिशेब मागे पडतात. बर्फ खांबाला घट्ट पकडतो, खालून पाण्याची पातळी वाढली की सगळा थर खांबासकट वर उचलला जातो. खांब दोन-चार सेंटिमीटर उपटला जातो, खालच्या पोकळीत गाळ सरकतो, आणि पातळी उतरली तरी खांब मूळ जागी परतत नाही. दर हिवाळ्यात हेच. काही वर्षांत जेट्टीचा पृष्ठभाग लाटांसारखा वरखाली दिसायला लागतो. वितळत्या बर्फाचे तरंगते पत्रे वाऱ्याने येऊन आदळतात ते वेगळंच. अशा ठिकाणी माझा सरळ सल्ला: हिवाळ्याआधी काढून ठेवता येईल अशी जेट्टी करा. कायमचे खांब हवेच असतील तर ते खोल रोवा, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा आणि खांबांभोवती बर्फ धरू नये म्हणून तळाचं थोडं उबदार पाणी वर आणणारी बुडबुड्यांची यंत्रणा लावा. काही ठिकाणी लाकडी खांब उलटा, जाड टोक खाली ठेवून रोवतात. बर्फ वर खेचू लागला की तळाची माती जाड बुंध्याला अडवते.

पाणी आणि तळ वाचणं

तलावाची सर्वांत उंच आणि सर्वांत खालची पातळी शोधा. धरणाचा जलाशय असेल तर नोंदी मिळतात. नैसर्गिक तलाव असेल तर काठचे खडक, जुन्या भिंती, झाडांचे बुंधे यांच्यावर पाण्याचा पट्टा उमटलेला असतो. या दोन पातळ्यांत पाऊण-एक मीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर स्थिर जेट्टीचा हट्ट सोडा. उन्हाळ्यात ती पाण्यापासून बरीच उंच राहील आणि बोटीत उतरायला शिडी लागेल. तिथे तरंगती जेट्टी बरी. तिला खांब लागतात, पण ते वजन पेलत नाहीत, फक्त जागा धरून ठेवतात. जेट्टीला बसवलेल्या कड्या खांबावर वरखाली सरकतात. या खांबांचा माथा सर्वांत उंच पातळीवेळी कडी जिथे पोचेल तिच्याही किमान मीटरभर वर हवा. नाहीतर पुराच्या रात्री जेट्टी खांबावरून निसटते आणि सकाळी पलीकडच्या काठाला लागलेली सापडते.

आता तळ. यासाठी भूगर्भतज्ज्ञ लागतोच असं नाही. १६ मिलिमीटरची, तीन-चार मीटर लांबीची सळई, वरच्या टोकाला आडवा दांडा, एक स्थिर तराफा आणि दोन माणसं पुरतात. जिथे जिथे खांब येणार तिथे सळई उभी धरून दाबायची आणि हाताला काय कळतं ते लिहायचं. गाळ असेल तर सळई स्वतःच्या वजनानेच आत जाते. वाळूत ती करकरते, ती करकर दांड्यातून तळहातापर्यंत पोचते, आणि थोडं खाली गेल्यावर नुसत्या दाबाने पुढे सरकत नाही. चिकणमातीत सळई सावकाश, एकसारखी उतरते, पण बाहेर काढताना चिकटते आणि टोकाला माती लागून येते. दगड लागला तर ठण्णकन आवाज येतो. अशा वेळी लगेच कातळ असा शेरा मारू नका. सळई ३० सेंटिमीटर बाजूला सरकवून पुन्हा दाबा. चारी बाजूंना तेवढ्याच खोलीवर अडली तर खाली कातळ आहे, एखाद्या बाजूला सपकन आत गेली तर तो सुटा धोंडा.

प्रत्येक जागेची खोली, मऊ थराची जाडी आणि टणक थर कुठे लागला, हे वहीत मांडा. एकाच जेट्टीच्या काठाकडच्या खांबाला अर्धा मीटर गाळ आणि टोकाच्या खांबाला दोन मीटर गाळ असं सर्रास असतं. सगळे खांब एकाच लांबीचे मागवणारा माणूस इथे फसतो.

माल कोणता

गोड्या पाण्याचा एक मोठा फायदा आहे: समुद्रात लाकूड पोखरून चाळण करणारे जहाजकिडे इथे नसतात. सतत पाण्याखाली किंवा गाळात असलेलं लाकूड तर फारच टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि तिथे ती नसते. आल्प्स पर्वताभोवतीच्या सहा देशांतल्या तलावांमध्ये आणि दलदलीत इसवीसनपूर्व ५००० ते ५०० या काळातल्या वस्त्यांचे लाकडी खांब आजही सापडतात. त्यातली १११ ठिकाणं २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. खांब कुजतो तो पाण्याच्या रेषेवर, जिथे लाकूड आळीपाळीने ओलं-कोरडं होतं, आणि माथ्यावर, जिथे कापलेल्या टोकातून पावसाचं पाणी आत मुरतं. लाकूड घेताना काळजी करायची ती या दोन जागांची.

त्यासाठी दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड घ्या. कारखान्यात हवा काढून, दाब देऊन रसायन आत शिरवतात. वरून ब्रशने मारलेला थर पाण्यातल्या खांबाला पुरत नाही. रसायन किती मुरलंय याचा आकडा खांबाच्या शिक्क्यावर किंवा दाखल्यावर असतो. तांबे-क्रोम-आर्सेनिकच्या मिश्रणासाठी अमेरिकी मानकात गोड्या पाण्यातल्या पाइन खांबांना घनमीटरमागे सुमारे १३ किलो मात्रा लागते, समुद्रातल्या खांबांना तिच्या तिपटीने. समुद्राच्या प्रतीचा खांब तलावात वापरण्यात अर्थ नाही, विनाकारण जास्त विष पाण्याजवळ नेल्यासारखं होतं. क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेलं तेल, लावलेले जुने रेल्वेचे स्लीपर किंवा विजेचे खांब स्वस्तात मिळतात, ते मात्र टाळा. उन्हात तेल पाझरतं, अंगाला लागलं तर आग होते आणि पाण्यावर तवंग येतो. रसायनाचा झगडाच नको असेल तर ग्रीनहार्ट किंवा एक्की अशी जात्याच टिकाऊ, जड लाकडं आहेत. ती जबाबदार तोडीतून आली आहेत ना, हे मात्र विचारून घ्या.

लोखंडी पाइप सडपातळ, सरळ आणि लांबीला हवा तसा मिळतो. कठीण मुरमातही शिरतो. गंजाची भीती गोड्या पाण्यात जरा जास्तच बाळगली जाते. युरोपच्या पोलादी बांधकामाच्या मानकात, युरोकोड ३ च्या पाचव्या भागात, साध्या गोड्या पाण्यासाठी, जिथे गंज सर्वाधिक चढतो त्या पाण्याच्या रेषेजवळ, ५० वर्षांत ०.९ मिलिमीटर झीज धरली आहे. फार प्रदूषित पाण्यात हाच आकडा २.३ मिलिमीटर होतो. पाइपची भिंत ७ मिलिमीटरची असेल तर हिशेब तुमच्या बाजूने आहे, ३ मिलिमीटरची असेल तर नाही. जस्ताचा गरम मुलामा दिलेला घ्या आणि माथा झाकणाने बंद करा. गोठणाऱ्या प्रदेशात पोकळ पाइपमध्ये साचलेलं पाणी गोठून पाइप फाडतं, तिथे तो वाळूने किंवा काँक्रीटने भरून टाका.

काँक्रीटचा तयार खांब टिकाऊ खरा, पण २५० मिलिमीटर चौकोनाचा सहा मीटरचा एक खांब ९०० किलो भरतो. उचलताना चुकीच्या जागी दोर बांधला तर मधोमध तडा जातो, आणि त्या तड्यातून पाणी आतल्या सळईपर्यंत पोचतं. क्रेन पोचत नसेल तर विचारही करू नका. फायबरग्लासचे खांब हलके, न कुजणारे, पण महाग आणि लवचीक. जेट्टी पायाखाली हललेली ज्याला चालत नाही त्याने ते टाळावेत.

राहिला स्क्रू-पाइल: पोलादी दांडा, खालच्या टोकाला स्क्रूसारखं चक्र. ही कल्पना आयर्लंडचे अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांची. १८३३ साली त्यांनी पेटंट घेतलं, आणि समुद्रातल्या वाळूच्या दांड्यांवर दीपस्तंभ उभे करायला ती वापरली गेली. उपटण्याच्या जोराला यासारखा दुसरा खांब नाही, कारण चक्रावर मातीचं सगळं वजन बसतं. आडव्या जोराला मात्र त्याचा बारीक दांडा कच्चा. खोल गाळ, त्याखाली टणक थर आणि जेट्टी बुटकी असेल तर उत्तम. पाणी खोल असेल तर तिरकस आधारांशिवाय नको.

जाडी आणि लांबीचा हिशेब

एक उदाहरण शेवटपर्यंत करू. टोकाला उंच पातळीवेळी पाणी २ मीटर. जेट्टीचा पृष्ठभाग त्यावर अर्धा ते पाऊण मीटर हवा, म्हणून तळापासून तुळईपर्यंत २.५ मीटर धरू. तळाशी अर्धा मीटर गाळ, मग घट्ट वाळू. गाळ खांबाला धरत नाही, तो मोजायचा नाही. वाळूत किती जायचं याचा चांगला अंगठेनियम असा: तळावर खांब जेवढा उभा आहे निदान तेवढाच टणक थरात. म्हणजे अडीच मीटर. बेरीज साडेपाच, आणि वरून कापायला अर्धा मीटर. मागवायचा खांब ६ मीटरचा. मऊ चिकणमातीत हे प्रमाण दीडपट करा, आणि तिथे एकदा तरी अभियंत्याला दाखवा.

जाडीबाबत कंजुषी का करू नये ते याच उदाहरणात दिसतं. टणक वाळूतही खांब अगदी पृष्ठभागाशी घट्ट धरला जात नाही. तो मीटर-सव्वा मीटर खाली कुठेतरी धरला जातो. त्यामुळे वाकण्यासाठी त्याची खरी लांबी भरते २.५ अधिक ०.५ अधिक १.२, म्हणजे ४.२ मीटर. माथ्याला शंभर किलोचा आडवा रेटा दिला तर २०० मिलिमीटरचा पाइनचा खांब सुमारे ३५ मिलिमीटर सरकतो. २५० मिलिमीटरचा खांब त्याच रेट्याने १४. जाडी सव्वापट, ताकद दुप्पट, ताठपणा जवळपास अडीचपट. उलट, मोकळी लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट. काठाजवळ २०० चालेल, टोकाला २५० घ्या. खांबांच्या जोड्यांमधलं अंतर २.४ ते ३ मीटर ठेवा. त्यापुढे गेलात तर तुळया जाड कराव्या लागतात आणि वाचवलेला पैसा तिकडे जातो.

परवानगी

बहुतेक ठिकाणी तलावाचा तळ काठच्या जमीनमालकाचा नसतो. जलाशय सांभाळणारं खातं, पर्यावरणाचं खातं, कधी जलवाहतुकीचं, अशा दोन-तीन दारांवर जावं लागतं. माशांच्या विणीच्या हंगामात तळ ढवळायला बंदी असते, म्हणून अर्ज करतानाच कामाचे महिने विचारून घ्या. तळातून केबल किंवा पाणीपुरवठ्याची वाहिनी गेली आहे का हेही त्याच चकरेत विचारा. लाकडावरच्या रसायनाबद्दल नियम असतील तर माल घेण्याआधी कळलेले बरे.

आखणी

काठावर जेट्टीच्या दोन्ही कडांच्या रेषेत दोन-दोन खुंट्या ठोका. एक पाण्याजवळ, एक मागे आठ-दहा मीटरवर. मागून बघितलं की दोन खुंट्या एकामागे एक दिसल्या पाहिजेत, तीच रेषा पाण्यात पुढे न्यायची. काटकोनासाठी सूतदोरीने ३-४-५ मापाच्या बाजूंचा त्रिकोण आखा. गुणिया एवढ्या लांबीला पुरत नाही.

पाण्यात खांब जागेवर धरायला नुसता डोळा चालत नाही, त्याला चौकट लागते. काठाकडची पहिली जोडी रोवली की तिच्यावर दोन लांब तुळया आडव्या बांधा, त्यांचं पुढचं टोक पुढच्या जोडीच्या जागेपर्यंत पाण्यावर अधांतरी राहू द्या आणि तिथे खांबाच्या जाडीपेक्षा बोटभर मोठी खाच असलेली फळी ठोका. पुढचा खांब त्या खाचेतून खाली जातो. जोडी झाली की चौकट पुढे. जेट्टी अशी स्वतःच्या आधारावर पुढे सरकत जाते आणि तराफ्यावरची कसरत निम्मी होते. गोठणाऱ्या तलावांवर अनुभवी ठेकेदार थंडीची वाट बघतात आणि जाड बर्फावर उभं राहून, भोक पाडून खांब ठोकतात. आखणी सोपी होते खरी, पण बर्फाची जाडी मोजायचं आणि त्यावर यंत्र चढवायचं काम त्यांच्यावरच सोडा.

रोवणी: तळाप्रमाणे पद्धत

_वाळूत, पाण्याच्या झोताने._ दोन इंची पंप, मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास पाणी देणारा, आणि इंच-दीड इंचाचा लांब पाइप. पाइप खांबाच्या कडेला सैल बांधून टोक खांबाच्या टोकाशी ठेवायचं. पंप सुरू झाला की खालची वाळू उकळल्यासारखी होते आणि खांब स्वतःच्या वजनाने उतरू लागतो. दोन माणसांनी तो डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवत राहायचा. झोत एकाच बाजूने लागला तर खांब त्या बाजूला कलतो, म्हणून पाइप अधूनमधून पलीकडे न्या. शेवटचा अर्धा ते एक मीटर झोत बंद करून घणाने ठोका. झोताने सैल झालेल्या वाळूची पकड कमी असते, टोक तरी न हललेल्या वाळूत बसलं पाहिजे. पंप बंद झाल्याक्षणी खांब सोडू नका. लाकूड तरंगतं, वाळू बसेपर्यंत खांब वर येऊ बघतो. त्याला वरून वजन देऊन किंवा चौकटीला बांधून किमान रात्रभर ठेवा. पाणी गढूळ होतं, म्हणून भोवती तळापर्यंत पोचणारा गाळ-पडदा लावावा लागतो, कित्येक ठिकाणी तशी अटच असते. चिकणमातीत ही पद्धत चालत नाही: झोत माती न सैलावता एक मोठं, कधीच न भरणारं भोक पाडतो.

_घणाने._ चिकणमाती, मुरूम, मिश्र तळ यांसाठी. सहा मीटरचा लाकडी खांब सव्वादोनशे-अडीचशे किलो भरतो, म्हणून उचलायला तिकाटणं आणि चेन ब्लॉक हवा. ठोकायला तितक्याच वजनाचा लोखंडी घण, मार्गदर्शक पट्ट्यांमधून मीटरभर उंचीवरून सोडायचा. हलका घण उंचावरून टाकण्यापेक्षा जड घण कमी उंचीवरून टाका. पहिल्याने खांबाचा माथा फुटतो, दुसऱ्याने खांब खाली जातो. माथ्याला लोखंडी कडं चढवा, वर लाकडी ठोकळा ठेवा. बारीक टोक खाली. टोकाला अणकुची करायची प्रथा आहे, पण दगड असलेल्या तळात ती दगडावरून घसरते आणि खांब वाट सोडतो. सपाट कापलेलं टोक जास्त सरळ जातं.

_स्क्रू-पाइल_ हायड्रॉलिक मोटरने फिरवत नेतात. याची गंमत अशी की फिरवायला लागणारा पीळ मोजला की ताकद कळते. ८९ मिलिमीटरच्या नळीसाठी न्यूटन-मीटरमधल्या पिळाला २३ ने गुणलं की कमाल वजन न्यूटनमध्ये मिळतं, त्याचं निम्मं सुरक्षित मानतात. ५,००० न्यूटन-मीटर पीळ लागला तर सुरक्षित वजन पावणेसहा टनांच्या घरात. घरगुती जेट्टीला एवढं लागतच नाही. पीळ खूप आधी वाढला आणि खांब अजून वरच असेल तर मात्र खाली दगड आहे. तो खांब काढून जागा थोडी बदला.

_कातळावर_ ठोकून काहीच साधत नाही, फक्त टोक फुटतं. तिथे ड्रिलने भोक पाडून त्यात लोखंडी पाइप किंवा जाड सळया बसवून पाण्याखाली चालणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरतात. हे डायव्हर आणि ड्रिल असलेल्या ठेकेदाराचं काम, स्वतः करायच्या यादीतून ते काढून टाका.

पद्धत कोणतीही असो, घणाखाली किंवा टांगलेल्या खांबाखाली कुणी उभं राहायचं नाही आणि तराफ्यावरच्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. टांगलेला खांब हलला की लहान तराफा एका बाजूला झुकतो, म्हणून दोन तराफे शेजारी बांधून रुंद करा.

खांब पुरेसा बसला का

रोवण्याआधी खांबावर टोकापासून दर ३० सेंटिमीटरला खूण करा, वरच्या दीड मीटरवर दर १० सेंटिमीटरला. शेवटच्या दहा घावांत खांब किती गेला ते मोजून दहाने भागा. यावरून वजन पेलण्याचा अंदाज देणारं एक जुनं सूत्र आहे, १८८८ साली आर्थर वेलिंग्टन यांनी मांडलेलं: घणाचं वजन गुणिले पडण्याची उंची, भागिले सहा गुणिले (एका घावातली घट, म्हणजे खांब जेवढा खाली गेला ते अंतर, अधिक २५). उंची आणि घट मिलिमीटरमध्ये. २५० किलोचा घण, १,००० मिलिमीटर उंची, एका घावात २५ मिलिमीटर घट, तर उत्तर सुमारे ८३० किलो. आपल्याला लागणाऱ्या पावणेसातशेपेक्षा जास्त. आकडा ढोबळ आहे आणि झोताने बसवलेल्या खांबाला लागू नाही, पण एखादा खांब शेजाऱ्यांपेक्षा वेगळा वागतोय हे त्यातून लगेच कळतं. चिकणमातीत ठोकल्या ठोकल्या खांब सैल वाटला तरी घाबरू नका. ढवळलेली माती काही दिवसांत पुन्हा घट्ट धरते, आठवड्याने दोन घाव घालून पाहा.

वजनाचा आकडा चांगला आला म्हणून कमी खोलीवर थांबू नका, कारण आडव्या जोराला खोलीच लागते. मीटरभर जाऊन दगडाला टेकलेला खांब वजनाला भक्कम आणि धक्क्याला निकामी असतो.

ओळंब्याबद्दल एक बारकावा. गोल लाकडी खांब वर जाड, खाली बारीक असतो, मीटरला साधारण ८ मिलिमीटर. स्पिरिट लेव्हल त्याच्या अंगाला लावली तर खांब अगदी सरळ असूनही बुडबुडा एका बाजूला जातो, कारण प्रत्येक अंग मीटरला ४ मिलिमीटर तिरकं आहे. बुडबुडा मधे आणायच्या नादात खांब वाकडा होतो. त्याऐवजी दूर उभं राहून ओळंबा डोळ्यांसमोर धरा आणि खांबाच्या दोन्ही कडा दोरीपासून सारख्या उतरतात का बघा. मग काटकोनातल्या दुसऱ्या जागेवरून तेच. पहिल्या मीटरमध्ये खांब सरळ करता येतो. दोन मीटर आत गेल्यावर चेन लावून खेचला तर तो वाकतो, सरळ होत नाही, आणि तो ताण कायमचा त्यात राहतो. तीन-चार सेंटिमीटरपर्यंतची चूक तुळई जोडताना जिरते. त्याहून जास्त असेल तर उपटून पुन्हा.

कापणी आणि जोडणी

सगळे खांब रोवून झाले की एका पातळीत कापायचे. वारा नसलेल्या पहाटे तलावाचं पाणी हीच सर्वांत अचूक लेव्हल. पाण्यापासून ठरलेली उंची प्रत्येक खांबावर मोजून खूण करा, लेझर असेल तर त्याने तपासा. कापल्यावर आतलं रसायन न पोचलेलं लाकूड उघडं पडतं. तिथे आणि प्रत्येक बोल्टच्या भोकात कॉपर नॅफ्थनेट हे लाकूड कुजू न देणारं रसायन दोन वेळा भरपूर मुरवा, वर तांब्याची किंवा प्लास्टिकची टोपी बसवा. हे दहा मिनिटांचं काम सर्वाधिक टाळलं जातं, आणि बऱ्याच खांबांचा माथा नेमका त्यामुळेच सडतो.

तुळया खांबाच्या दोन्ही बाजूंनी धरा आणि आरपार १६ ते २० मिलिमीटरच्या बोल्टने, मोठे वॉशर घालून आवळा. खिळे किंवा नुसते स्क्रू लाटांच्या हिसक्यांनी सैल होतात. तुळई टेकायला खाच करायची तर खांबाची निम्मी जाडी तरी शाबूत राहू द्या. तांबेयुक्त रसायनाचं लाकूड साधं लोखंड झपाट्याने खातं, त्यामुळे बोल्ट गरम मुलाम्याचे किंवा ३१६ स्टेनलेसचे, आणि दोन्हींची सरमिसळ नको.

खांब तळापासून दोन मीटरपेक्षा उंच असतील तर जोडीमध्ये फुलीचे तिरकस आधार द्या. आधारांचं खालचं टोक नीच पातळीच्या वर थांबवा. पाण्याखालचा आधार बर्फ उपटतो आणि पोहणाऱ्याचा पायही अडकवतो.

जेट्टीवर दिवे किंवा बोट चार्जिंगचं सॉकेट नेणार असाल तर गळती-प्रवाह तोडणारं ब्रेकर आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर वीज जास्त सहज वाहून नेतं. लोखंडी खांबातून पाण्यात उतरलेला प्रवाह जवळ पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो, आणि आखडलेल्या स्नायूंमुळे तो बुडतो. वीज पोचलेल्या जेट्टीभोवती पोहायला मनाईच ठेवा.

दरवर्षीची तपासणी

पाणी सर्वांत खाली असतं तेव्हा तपासा, कारण कुजणारा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. त्या पट्ट्यावरचं शेवाळ खरवडून हातोडीने टकटक करत खांबाला वळसा घाला. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं भद्द. शंका आली की अरुंद स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, बोटाच्या जोराने सेंटिमीटरभर आत गेला तर आत सड आहे. खोली समजायला ६ मिलिमीटरचं ड्रिल घालून भुसा पाहा: कोरडा, पांढरट येतोय की काळपट आणि ओला. भोक रसायनात बुडवलेल्या खुंटीने बुजवा. बाहेरून पाच सेंटिमीटर जाडीचं लाकूड शाबूत असेल तर त्या पट्ट्याभोवती फायबरग्लासचं आवरण बसवून आत ग्राउट भरता येतं. त्याहून कमी उरलं असेल तर शेजारी नवा खांब रोवा आणि मगच जुना तळाशी कापा. जुना उपटून काढला तर राहिलेली पोकळी शेजारच्या खांबाची पकडही ढिली करते.

खांबाच्या बुडाशी तळ खरवडला गेला आहे का तेही याच फेरीत काठीने मोजा. बोटींचे पंखे आणि लाटा मिळून भोवती खळगा करतात. बांधताना लिहिलेल्या खोलीपेक्षा ३० सेंटिमीटर जास्त भरलं तर तेवढी पकड गेली असं समजा आणि खळग्यात मुठीएवढे दगड टाकून तो भरून घ्या.